फोन खिशात असताना जीपीएसचं वेगळं यंत्र कोणी घ्यावं?

पावसाळा जवळ आला की ट्रेकर मंडळींत हा प्रश्न हमखास निघतो: फोनमध्ये जीपीएस आहेच, मग त्यासाठी वेगळं यंत्र कशाला विकत घ्यायचं? उत्तरंही ठरलेली असतात. कोणी म्हणतं, फोनचा काय भरवसा, रेंज गेली की खेळ खल्लास. कोणी म्हणतं, ती यंत्रं आता भंगारात टाकायच्या लायकीची आहेत. मला दोन्ही उत्तरं चुकीची वाटतात. उपग्रह काय देतात, फोन त्यात काय भर घालतो आणि नकाशा कुठून येतो, या तीन गोष्टींची आपल्या डोक्यात खिचडी झालेली असते. त्या सुट्या केल्या की यंत्र कोणाला लागेल आणि कोणाचे पैसे वाया जातील हे बरंचसं उलगडतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दहातल्या नऊ जणांना वेगळ्या यंत्राची गरज नाही. उरलेल्या एकाला ती खरोखर आहे, आणि त्याने ते अधिक अचूक जागा कळावी म्हणून घेऊ नये. पावसात, अंधारात, भर समुद्रात आणि तिसऱ्या दिवशीही ते चालू राहतं, पैसे मोजायचे ते यासाठी.

वरून नेमकं काय येतं

जीपीएस ही अमेरिकेची यंत्रणा. तिचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडला गेला आणि १९९५ मध्ये ती पूर्ण क्षमतेने चालू झाल्याचं जाहीर झालं. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर तीसेक उपग्रह फिरत असतात. प्रत्येकात अणुघड्याळ असतं आणि प्रत्येक जण अखंड एकच गोष्ट सांगत असतो: मी अमुक ठिकाणी आहे आणि आत्ता अमुक वाजलेत. तुम्ही कुठे आहात हे त्याला ठाऊक नसतं. तुमच्याकडून त्याच्याकडे काहीही जात नाही. सगळा हिशेब तुमच्या हातातलं यंत्र करतं. संदेश निघाला कधी आणि पोचला कधी यातल्या फरकावरून ते अंतर काढतं.

हा फरक फार लहान असतो. डोक्यावर असलेल्या उपग्रहाचा संदेश साधारण ६७ मिलिसेकंदांत खाली येतो. घड्याळ एका मायक्रोसेकंदाने, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं तर अंतर ३०० मीटरनी चुकतं. आपल्या फोनमधलं घड्याळ काही अणुघड्याळ नव्हे. म्हणून तीनऐवजी किमान चार उपग्रह दिसावे लागतात. चौथा लागतो तो आपल्याच घड्याळाची चूक शोधून काढण्यासाठी.

२००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकेचं लष्कर सामान्य लोकांसाठीच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटरनी हुकायची. ती बंद झाली आणि हातात धरायच्या यंत्रांचे दिवस आले. ट्रेकर, खलाशी, वनखात्याचे लोक ती वापरू लागले. तेव्हा फोन फक्त बोलायला होता, त्यामुळे 'फोन की यंत्र' हा प्रश्नच नव्हता. आता फोनमधली चिप अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ आणि चीनचं बेइदोऊ हेही ऐकते. काही फोन भारताच्या नाविक यंत्रणेचेही संदेश घेतात. मोकळ्या आकाशाखाली साधा स्मार्टफोन साधारण पाच मीटरच्या आत जागा सांगतो. हातातलं जीपीएस यंत्रही मोकळ्या मैदानात याच्या फार पुढे जात नाही. अचूकतेच्या नावाखाली यंत्र विकणारा दुकानदार तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगतोय.

नाविकबद्दल थोडं. पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला, योजना सातांची होती. पुढे काही उपग्रहांतली अणुघड्याळं बिघडली. मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून फोनना सहज ऐकू येईल अशा लहरीवरही संदेश द्यायला सुरुवात झाली, पण जानेवारी २०२५ मधला पुढचा उपग्रह ठरलेल्या कक्षेपर्यंत पोचू शकला नाही. आपली यंत्रणा भक्कम व्हावी असं मला मनापासून वाटतं. पण आज केवळ 'नाविक आहे' म्हणून कुठलं उपकरण निवडावं, अशी परिस्थिती नाही.

रेंज गेल्यावर काय जातं

उपग्रहाचा संदेश ऐकायला सिमकार्ड लागत नाही, डेटा लागत नाही, टॉवर लागत नाही. फोन फ्लाइट मोडवर टाका, घराच्या गच्चीवर जा आणि उपग्रह दाखवणारं एखादं फुकट ॲप उघडा. वीस-पंचवीस उपग्रहांच्या पट्ट्या वरखाली होताना दिसतील. रेंज गेली की जीपीएस बंद पडतं ही समजूत या एका प्रयोगात निकालात निघते.

मग डोंगरात गेल्यावर गूगल मॅप्सवर करडा पडदा आणि मध्ये एकटाच निळा ठिपका का दिसतो? कारण ठिपका उपग्रहांवरून आला आहे, नकाशा मात्र इंटरनेटवरून यायचा होता. तो आधी उतरवून ठेवला नसेल तर जागा कळूनही उपयोग शून्य. शिवाय गूगलचा उतरवलेला नकाशा गाडीचा रस्ता सांगतो, पायी जायचा रस्ता इंटरनेटशिवाय सांगत नाही. गडावरच्या पायवाटा तर त्यात बहुतेक ठिकाणी नसतातच. त्यासाठी ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी ॲप्स वापरावीत, ओएसएमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्ससारखी. हा नकाशा स्वयंसेवकांनी भरलेला आहे. सह्याद्रीतल्या कितीतरी घाटवाटा तिथे कोणीतरी स्वतः चालून नोंदवल्या आहेत. ज्यांनी नोंदवल्या त्यांचे आपल्यावर उपकार आहेत.

रेंज गेल्यावर आणखी एक गोष्ट जाते, आणि ती कमी लोकांना ठाऊक असते. उपग्रह स्वतः नेमका कुठे आहे याचा बारीक तपशील तोच पाठवतो, पण फार संथ गतीने, सेकंदाला फक्त ५० बिट. एका उपग्रहाचा तपशील पूर्ण मिळायला ३० सेकंद लागतात. मध्येच झाडाची फांदी आडवी आली तर पुन्हा पहिल्यापासून. सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी मिळायला साडेबारा मिनिटं लागतात. फोन एवढं थांबत नाही. तो हा तपशील इंटरनेटवरून क्षणात मागवतो, म्हणून शहरात लोकेशन लगेच लागतं. रेंज नसलेल्या जंगलात तोच फोन पहिल्यांदा चालू केला तर त्याला सगळं आकाशातूनच ऐकावं लागतं, आणि 'जीपीएस लागतच नाही' अशी ओरड सुरू होते. हा तपशील काही तास चालतो. तेव्हा पायथ्याच्या गावात रेंज असतानाच लोकेशन एकदा लावून घ्यावं, आणि ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची नोंद, तिथूनच सुरू करावा.

नाळेत, कड्याखाली

आता जिथे फरक पडतो तिथे येऊ.

उपग्रहाची संदेश पाठवण्याची शक्ती जुन्या पिवळ्या बल्बएवढी, आणि तो बल्ब वीस हजार किलोमीटरवर. इतका क्षीण संदेश पकडायला ॲण्टेना चांगली लागते. फोनमध्ये तिला जागाच कुठे असते? कॅमेरा, बॅटरी, वायफाय, ब्लूटूथ आणि मोबाईलच्या ॲण्टेना यांच्या गर्दीत ती एका कडेला बसवलेली असते, आणि नेमका तिथेच आपला तळहात येतो. जीपीएस यंत्रातली ॲण्टेना मोठी असते. काही यंत्रांच्या डोक्यावर जे जाडसर बोट बाहेर आलेलं दिसतं, ती हीच.

आकाराइतकाच महत्त्वाचा दुसरा मुद्दा आहे. उपग्रहाची लहर मळसूत्रासारखी फिरत खाली येते, एका ठरावीक दिशेने. एखाद्या कड्यावर आपटून परतली की तिच्या फिरण्याची दिशा उलटी होते. जीपीएस यंत्रातली चांगली ॲण्टेना सरळ आलेली लहर घेते आणि उलट्या फिरणाऱ्या लहरीला बरीचशी दाबून टाकते. फोनच्या ॲण्टेनाला हा भेद जवळजवळ करता येत नाही. ती सरळ आलेली आणि कड्यावरून उसळून आलेली, दोन्ही लहरी सारख्याच मानते. उसळून आलेली लहर जास्त अंतर कापून येते, त्यामुळे फोनला उपग्रह लांब वाटतो आणि ठिपका सरकतो.

हरिश्चंद्रगडाची नळीची वाट घ्या. बेलपाड्यातून निघून कोकणकड्याच्या कुशीतून वर चढणारी ही नाळ. दोन्ही अंगांना बेसाल्टच्या भिंती, वर आकाशाची चिंचोळी पट्टी. आडव्या कोनातले उपग्रह भिंतींमागे गेलेले, डोक्यावरचे तेवढे दिसतात. अशा जागी फोन हातात धरून मोठ्या धोंड्यावर स्वस्थ उभं राहिलं तरी ठिपका नाळेच्या या भिंतीतून त्या भिंतीत जातो. ट्रॅक नंतर नकाशावर पाहिला तर आपण कड्याच्या पोटातून चालल्यासारखी वाकडीतिकडी रेघ दिसते. नाळेत याचं फार बिघडत नाही, कारण वाट एकच, वर जाणारी. पण नाळ संपून कारवीत शिरताना, किंवा जिथे खरी पायवाट आणि ढोरवाट दहा-पंधरा पावलांच्या अंतराने फुटतात तिथे, एवढ्याच चुकीने माणूस डोंगराच्या भलत्या सोंडेवर उतरतो. ढोरवाट सुरुवातीला खऱ्या वाटेपेक्षा जास्त रुळलेली दिसते, आणि अर्ध्या तासाने झाडीत विरून जाते. सह्याद्रीत वाट चुकण्याचे बरेच प्रसंग असेच घडतात.

इथेही फोन सुधारले आहेत, हे मान्य करायला हवं. २०१८ पासून काही फोनमध्ये दोन वेगवेगळ्या लहरींवरचे संदेश ऐकणारी चिप येते, एल१ आणि एल५. एल५ वरचा संदेश दहापट बारीक मापाचा असतो, त्यामुळे सरळ आलेली लहर आणि तिचा प्रतिध्वनी वेगळे ओळखता येतात. दोन लहरी असल्या की वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे होणारा उशीरही मोजता येतो. आपल्या अक्षांशांवर हा थर फार चंचल असतो, विशेषतः सूर्यास्तानंतर, त्यामुळे भारतात या सोयीचा फायदा जास्त. जुनं एकाच लहरीवरचं जीपीएस यंत्र आणि दोन लहरींचा नवा फोन यांत मोकळ्यावर फोनच जिंकू शकतो. फोन घेताना ही गोष्ट नक्की विचारा. दुकानदाराला सांगता येत नसेल तर उपग्रह दाखवणाऱ्या ॲपमध्ये एल५ च्या ओळी दिसतात का ते पाहा.

पाऊस, बॅटरी आणि बोटं

अचूकतेपेक्षा मला हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. डोंगरात ठिपका पाच मीटर सरकला म्हणून सहसा कोणी अडकत नाही. फोन बंद पडला म्हणून अडकलेले पुष्कळ.

जुलैच्या पावसात डोंगराच्या धारेवर उभं राहून फोन वापरून बघा. पडद्यावर थेंब पडला की फोनला तो बोटाचा स्पर्श वाटतो. नकाशा आपोआप मोठा होतो, लहान होतो, भलतंच बटण दाबलं जातं. ओलं बोट पडद्यावर ओढलं तर काहीच हलत नाही. फोन प्लास्टिकच्या पाउचमध्ये घातला तर आत वाफ धरते. यंत्रावर खऱ्या कळा असतात. गारठलेल्या, चिखलाच्या बोटांनी, न बघताही त्या दाबता येतात. आणि हे नेमकं धुकं दाटल्यावर, वाऱ्याने उभं राहणं कठीण झाल्यावर लागतं.

मग बॅटरी. रेंज नसलेल्या भागात फोन टॉवर शोधण्यातच जीव घालवतो, म्हणून फ्लाइट मोड लावणं हा पहिला नियम. पण त्याच फोनवर फोटो काढायचे, व्हिडिओ करायचे, रात्री त्याचीच विजेरी करायची. पॉवर बँक आहे ना, असं कोणी म्हणेल. आहे, आणि उन्हाळ्यात किंवा हिवाळ्यात ती पुरेशी आहे. पावसाळ्यात मात्र चार्जिंगच्या खोबणीत ओल गेली की बरेच फोन 'ओलावा आहे' असा इशारा देऊन चार्जिंगच नाकारतात. ते बरोबरच करतात, नाहीतर खोबण जळेल. पण तुमच्या हातात भरलेली पॉवर बँक आणि मेलेला फोन राहतो. गार्मिनच्या ईट्रेक्स मालिकेतली २२एक्स, ३२एक्स ही यंत्रं दोन पेन्सिल सेलवर साधारण २५ तास चालतात, असं कंपनी सांगते. पायथ्याच्या गावातल्या टपरीवरही पेन्सिल सेल मिळतो, आणि चार जादाचे सेल पाकिटात गुंडाळून सॅकमध्ये टाकले की तीन दिवसांची ददात मिटते. या यंत्रांचा पडदाही भर उन्हात, मागचा दिवा न लावता वाचता येतो. फोनचा पडदा उन्हात वाचण्यासाठी पूर्ण उजेड लागतो, आणि तोच बॅटरी खातो.

म्हणून माझं म्हणणं असं: एक-दोन दिवसांच्या नेहमीच्या गडांसाठी यंत्र नको. राजगड, तोरणा, कळसूबाईला तर वाटच हमरस्त्यासारखी आहे. पण पावसात अनोळखी घाटवाटांवर वीस जणांना घेऊन जाणारा जो म्होरक्या आहे, त्याच्याकडे यंत्र असावं. बाकीच्यांकडे फोन असतातच. दोन वेगळ्या बॅटऱ्यांवरची, वेगळ्या घडणीची दोन उपकरणं बरोबर असली की एक बंद पडल्यावर दुसरं राहतं. गावातला वाटाड्या घेतला असेल तर यंत्राचीही गरज नाही. त्याच्या पायाखालची वाट कुठल्याही नकाशापेक्षा ताजी असते, आणि त्या पैशांनी गावाला चार दिवसांची मदत होते.

उंचीचा गोंधळ इथेच सांगतो, कारण त्यावरून फोनला नाहक शिव्या बसतात. अलिबागच्या किनाऱ्यावर उभं राहून अँड्रॉइड फोनवरची काही ॲप्स उघडली तर उंची उणे साठ मीटरच्या आसपास दिसते. फोन बिघडलेला नसतो. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत, गणिती आकारापासून. खरी समुद्रपातळी गुरुत्वाकर्षणाच्या फरकांमुळे जागोजागी या आकाराच्या वर किंवा खाली असते, आणि भारताच्या आसपास ती बरीच खाली आहे. जीपीएस यंत्रं आणि चांगली ॲप्स ही दुरुस्ती स्वतः करतात, साधी ॲप्स करत नाहीत. जीपीएसची उंची तशीही आडव्या जागेपेक्षा कमी विश्वासाची, कारण आपल्या पायाखालच्या बाजूला एकही उपग्रह दिसत नाही. काही महाग यंत्रांत आणि घड्याळांत हवेच्या दाबावरून उंची काढायची सोय असते. कळसूबाईची १,६४६ मीटर उंची तुमच्या फोनवर १,५८० दिसली तर आधी हा हिशेब तपासा.

समुद्रावर

किनाऱ्यापासून काही मैल आत गेलं की मोबाईलची रेंज संपते. मिरकरवाडा, हर्णै किंवा ससून डॉकहून निघालेल्या मच्छीमार बोटीवर तांडेलासमोर, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्यासमोर, जे यंत्र बसवलेलं असतं ते बोटीच्या बॅटरीवर चालतं, त्याची ॲण्टेना वर टपावर मोकळ्या आकाशाखाली असते आणि खाऱ्या पाण्याचे फवारे ते वर्षानुवर्षं सोसतं. त्यातला खरा ऐवज म्हणजे साठवलेले पॉईंट. कुठे खडक आहे, कुठे बुडालेल्या जहाजात जाळं अडकतं, कुठल्या जागी कुठल्या महिन्यात मासळी लागते. असा पॉईंट सहजासहजी कोणी दुसऱ्याला देत नाही. फोनवर ही माहिती ठेवता येत नाही असं नाही, पण लाखो रुपयांचं जाळं पाण्यात असताना तिची भिस्त एका काचेच्या पडद्यावर कोण ठेवेल? इथे वेगळं यंत्र की फोन हा वादच नाही.

हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे याचे अंदाज अक्षांश-रेखांशासह देते. ते आकडे यंत्रात भरून बोट तिकडे वळवता येते. फोन आणि यंत्र यांची सांगड घालणारा एक चांगला प्रयोग म्हणजे २०१९ मध्ये आलेलं जेमिनी नावाचं यंत्र. वादळाचे इशारे आणि मासळीचे अंदाज गगन या भारतीय यंत्रणेच्या उपग्रहावरून ते पकडतं आणि ब्लूटूथने तांडेलाच्या फोनवर मराठीसारख्या भाषेत दाखवतं. कठीण ऐकण्याचं काम यंत्राचं आणि दाखवण्याचं काम फोनचं, ही वाटणी मला फार पटते.

बांधाचं भांडण आणि गुंठ्याचा हिशेब

फोनवर शेत मोजायची ॲप्स आहेत. बांधावरून चालत चक्कर मारायची, क्षेत्रफळ तयार. खत किती लागेल, नांगरटीचे पैसे किती द्यायचे यासाठी ठीक आहे. चालताना जीपीएसची चूक बहुधा एकाच बाजूला सरकलेली राहते, त्यामुळे चार-पाच एकरांचं क्षेत्रफळ बऱ्यापैकी जुळतं. घोटाळा होतो तो हद्द ठरवताना. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, साधारण दहा मीटरचा चौरस. पाच मीटरची चूक म्हणजे अर्ध्या गुंठ्याची रुंदी. फोनवरची रेघ शेजाऱ्याच्या शेतात गेली म्हणून त्याने बांध कोरला असं म्हणणं साफ चूक आहे. अशा रेघेवरून भावकीत बोलाचाली झालेल्या मी पाहिल्या आहेत.

यासाठी कोणी हातातलं जीपीएस यंत्र घेणार असेल तर त्यानेही घेऊ नये. त्याचीही चूक काही मीटरांचीच. भूमी अभिलेख विभागाचे मोजणीदार खांबावर बसवलेलं जे रोव्हर घेऊन येतात ते वेगळ्या जातीचं आहे. ते संदेशातल्या वेळेवर थांबत नाही, संदेश वाहून आणणारी लहर मोजतं. ती लहर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुमारे १९ सेंटिमीटरची, आणि तिचा अंशही मोजता येतो. सोबतीला ठिकठिकाणी कायमची उभारलेली केंद्रं असतात, ज्यांची जागा आधीच काटेकोर ठाऊक असते. त्या केंद्राला आत्ता किती चूक दिसतेय ते रोव्हरला कळवलं जातं आणि ती वजा होते. उरते ती काही सेंटिमीटरची चूक. हे काम मोबाईलचं नाही आणि ट्रेकरच्या यंत्राचंही नाही. हद्दीचा वाद असेल तर सरकारी मोजणीचाच अर्ज करावा.

गाडी, दुचाकी, घड्याळ

गाडीच्या काचेला चिकटवायचं जीपीएस यंत्र आता घेऊ नये. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये गूगलने फोनवर वळणावळणाचा रस्ता फुकट सांगायला सुरुवात केली आणि त्या धंद्याचा कणाच मोडला. पुढे कोंडी आहे, पूल बंद आहे, हे जुनं यंत्र सांगू शकत नाही.

दुचाकीवर लडाखला जाणाऱ्यांनी मात्र विचार करावा. हँडलच्या थरथरीने फोनच्या कॅमेऱ्यातला स्थिर ठेवणारा भाग बिघडू शकतो, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच दिला होता. शिवाय उन्हात हँडलवरचा फोन तापून पडदा मंद करतो. जुना, वापरात नसलेला फोन हँडलला लावून त्यात नकाशे उतरवून ठेवणं हा स्वस्तातला चांगला उपाय आहे. रोज पळणाऱ्यांसाठी जीपीएस घड्याळ हेच आजचं वेगळं यंत्र. लहान पडद्यावर नकाशा वाचणं जड जातं, पण ट्रॅक नोंदवायला ते उत्तम.

घेणार असाल तर

परदेशातून कोणी नातेवाईक 'उपग्रहावरून मेसेज पाठवणारं' जीपीएस यंत्र आणून देतो म्हणाला, तर नको म्हणा. फक्त संदेश ऐकणारं साधं जीपीएस यंत्र बाळगायला अडचण नाही. पण उपग्रहाकडे संदेश पाठवणारी यंत्रं, गार्मिनची इनरीच धरून, भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. गोव्यासह काही विमानतळांवर परदेशी प्रवाशांना याच कारणावरून ताब्यात घेतलं गेलं आहे. खरं तर डोंगरात अपघात झाला तर याच यंत्राने जीव वाचू शकतो. बचावपथकांना आणि नोंदणीकृत गिर्यारोहण संस्थांना तरी ती परवानगी सुटसुटीत मिळायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

आपली जागा दुसऱ्याला कळवताना आकड्यांची पद्धतही सांगावी. १९.३८७२ अंश आणि १९ अंश २३ मिनिटं १४ सेकंद ही एकच जागा आहे. पण घाईत कोणी '१९, २३, १४' सांगितलं आणि ऐकणाऱ्याने १९.२३१४ लिहून घेतलं, तर बचावपथक सतरा किलोमीटर दक्षिणेला जाईल. सगळ्या ग्रुपने आपापल्या फोनवर आणि यंत्रावर दशांश अंशांचीच पद्धत लावून ठेवावी, आणि सांगताना 'दशांश' हा शब्द उच्चारावा.

जुनं यंत्र स्वस्तात मिळत असेल तर एक चाचणी करा. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्यांची मोजणी १,०२४ वर पोचली की पुन्हा शून्यावर येते. असं शेवटचं ६ एप्रिल २०१९ ला झालं. ज्या यंत्रांच्या कंपन्यांनी नंतर सुधारणा दिली नाही, ती यंत्रं जवळजवळ वीस वर्षं मागची तारीख दाखवतात. जागा बहुधा बरोबर सांगतात, पण नोंदलेला ट्रॅक २००६ चा होतो आणि काही मॉडेल्स अडखळतात. यंत्र मोकळ्या मैदानात न्या, चालू करून पंधरा मिनिटं स्वस्थ ठेवा, म्हणजे उपग्रहांची पूर्ण यादी आत उतरेल, आणि मग तारीख बघा. बरोबर असली तर सेलच्या खणात गंज आहे का, रबराची झाकणं घट्ट बसतात का ते तपासा. तारीख चुकलेली दिसली आणि कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची सुधारणा नसली, तर कितीही स्वस्त असलं तरी ते परत द्या.